शेजार सूर्यफुलाचा

आमच्या वसईच्या वाडीत झाड एकटे वाढत नसे. नारळ-पोफळीखाली केळ, केळीच्या सावलीला पानवेल. आता वाड्या थोड्या, गच्च्या फार! आमच्या गच्चीत काकडी नुसतीच फुलायची. तिचे नरफूल निराळे, मादीफूल निराळे. मध्यस्थीला मधमाशी हवी. गेल्या उन्हाळ्यात सौभाग्यवतींनी शेजारी सूर्यफूल लावले. त्याला भुलून माश्या आल्या, जाताजाता काकडीकडेही डोकावल्या, आणि काकड्या धरल्या. मराठीच्या मास्तराला हा इतरेतर द्वंद्व समासच वाटला! मात्र वालाची वेल सूर्यफुलाच्या बुंध्यावर चढवू नका. त्याच्या मुळांतून, पानांतून अशी द्रव्ये मातीत उतरतात की शेजाऱ्याची वाढ खुंटू शकते. तिथे ‘द्वंद्वा’चा दुसरा अर्थ लागू. वालाला कुंडी निराळीच द्यावी, आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफले तिच्यात टाकू नयेत.