डब्यातली मेथी आणि नळाचं पाणी

२०१८च्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या लोकांनी आपल्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं आपली घाण त्यांनी सोसली होती; त्यांचं काय चुकलं? मग कित्येक आठवडे कचरा आपल्याच दारात कुजत राहिला. त्याच दिवसांत आमच्या कॉलनीत सभा झाली. एक गृहस्थ म्हणाले, "भगिनींनी मनावर घेतलं तर ओला कचरा घरातच जिरेल. वर ताजी भाजी!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आणि खरंच केलं. गोडेतेलाचा मोठा डबा, बुडाला खिळ्यानं भोकं, तळाशी नारळाच्या शेंड्या, मग वाळला पाला, भाजीची देठं, सालं, थोडी माती असे थर. शिजवलेलं खरकटं टाकलं की वास सुटतो, चिलटं होतात, हे आठवड्यात कळलं. धने चपलेखाली रगडून पेरले. मेथी तर महिन्याच्या आत कढईत! मोड आलेल्या लसणाच्या पाकळ्या, पुदिन्याच्या काड्या, आल्याचा डोळा असलेला तुकडा, विकत आणलेलंच पुन्हा रुजतं. त्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

पण पाणी? जायकवाडीसारखं धरण जवळ असून आमच्या नळाला पाणी कधी सहा, कधी आठ दिवसांनी. उन्हाळ्यात डबा दोन्ही वेळा पाणी मागतो. म्हणून तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि ती बादली जिना चढून गच्चीवर न्यायची. शिवाय कचरा निवडायचा, खत वरखाली करायचं, अळ्या वेचायच्या. हे सगळं कुणी केलं? नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून मीच. पाहुणे आले की आमचे हे कौतुकानं सांगत, "हिला बागेचा भारी छंद!" बाईच्या कामाला छंद म्हटलं की त्याचे तास मोजावे लागत नाहीत.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी हौसेनं एक डबा देऊ केला. त्यांची एकच खोली, दार थेट गल्लीत, पाणी टँकरचं. म्हणाल्या, "ताई, ड्रमातलं पाणी लेकरांना पाजू का मेथीला घालू?" मला उत्तर सुचलं नाही. कचरा जिरवायला सांगणाऱ्यांनी आधी पाण्याचं बोलावं, असं त्या दिवसापासून वाटतं.

माझ्या आजीची परसबाग न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढायची. अळू, दोडका, वाल. बी राखेत घोळवून गाडग्यात ठेवायची. सातबारावर तिचं नाव कधी लागलं नाही, पण त्या तुकड्यात काय लावायचं ते तीच ठरवायची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी. आजीच्या गाडग्याला मात्र घरात कुणी ज्ञान म्हटलं नव्हतं.

तेव्हा डबे फेकून द्या, असं मी म्हणत नाही. माझे अजून गच्चीवर आहेत. फक्त गेल्या वर्षी मी घरात सांगून टाकलं, भाजी सगळ्यांनी खायची तर बादलीही सगळ्यांनी उचलायची. आता सोमवार-गुरुवार हे नेतात, रविवारी मुलगा. पहिल्या महिन्यात पालक वाळला. मी तो वाळू दिला, आणि ते सोपं गेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे डब्यांना पाणी कोण घालतं? जरूर लिहून कळवा.