शकुंतलेची प्रतिकृती

यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या 'शकुंतले'ला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढीत असे. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले ते इंजिन त्या मार्गावरून केव्हाच गेले. परंतु यंत्रांचा छंद लागलेल्या यवतमाळच्या मुलास पहिली प्रतिकृती करावयाची झाल्यास त्याहून योग्य नमुना कोणता? येथील दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास चोविसाने भागले की सुमारे ३२ येतात, आणि एवढ्या रुंदीचे रूळ छंदिष्टांत रूढच आहेत.

पुष्कळांना पहिल्याच दिवशी धूर आणि शिट्टी हवी असते. ही घाई बरी नव्हे. बॉयलर हे अगदी शेवटचे काम होय. कोंडलेली वाफ पत्र्याचा डबा क्षणात फोडते. म्हणून सुरक्षा-झडप असलेला, तपासलेला बॉयलरच वापरावा, आणि तोही जाणत्या वडीलधाऱ्यांसमक्ष. तोवर पुठ्ठा, पत्रा आणि सायकलच्या पंपाची हवा पुरेशी आहे. दट्ट्या हवेनेही तसाच मागेपुढे सरकतो. झडप भलत्याच क्षणी उघडली, तर चाक अडते. ते का अडले हे शोधण्यात एखादी दुपार सहज निघून जाते. ती वाया गेली, असे घरच्यांनी म्हणू नये.