बेवारसाची कबर आणि आपली नोंदवही

आंबेगाव तालुक्यातलं कळंब पुणे-नाशिक महामार्गावर आहे. अशा गावावरून रोज किती अनोळखी माणसं जातात! ट्रकचालक, ऊसतोड मजूर, मंचर-नारायणगावच्या बाजारातले हमाल, परराज्यातून आलेले बांधकाम कामगार. त्यातला एखादा रस्त्यातच गेला, खिशात कागद नाही, आणि पोलिसांनी पंचनामा करून मय्यत जमातीकडे सोपवली, तर आपली तयारी काय?

हा खैरातीचा प्रश्न नाही. दफन फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी पार पाडलं तर सगळे सुटले, कुणीच पाडलं नाही तर गुनाह सगळ्यांच्या माथी. तरीही अनेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, ‘मय्यत कुठल्या जमातीची?’ मग वर्गणीची चौकशी होते. कब्रस्तानांत जागा कमी आहे, हे खरं. कफन, खोदाई, फळ्या, गाडी यांचा खर्चही खरा. पण वक्फची जमीन म्हणजे वर्गणीदारांचा क्लब नव्हे.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईत मालवणीच्या कब्रस्तानात कोरोनाने गेलेल्या एका मुस्लिम वृद्धाला जागा नाकारली गेली. शेवटी जवळच्या हिंदू स्मशानभूमीत त्याचं दहन झालं. त्याच सुमारास वांद्र्यातल्या कब्रस्तानांत कोरोनाच्या मय्यती नकोत, म्हणून काही रहिवासी कोर्टात गेले. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि सन्मानाने दफन होणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. मालवणीच्या त्या माणसाला नाव होतं, घर होतं, कुटुंब होतं. ज्याला यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी कोर्टात कोण जाणार?

अयोध्येचे मोहम्मद शरीफ सायकल दुरुस्तीचं काम करत. १९९२ मध्ये त्यांचा मुलगा मारला गेला. तेव्हापासून त्यांनी हजारो बेवारस मृतांना अखेरचा निरोप दिला, हिंदूंना हिंदू रीतीने, मुस्लिमांना मुस्लिम रीतीने. २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव होतं. एका माणसाने जन्मभर केलेलं काम एका जमातीला जड का जावं?

पण मूठमाती दिली की काम संपत नाही. मदिनेत मशीद झाडणारी एक गरीब स्त्री वारली. सहाबांना वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी प्रेषितांना (स.) कशाला कळवायचं? प्रेषितांनी मात्र तिची चौकशी केली, कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन नमाज पढली. ती कबर दाखवता आली, कारण ती कुठे आहे हे लोकांना ठाऊक होतं.

आपल्याकडे काही वर्षांनी त्याच जागी दुसरी कबर खोदली जाते. नोंद नसेल तर अनोळखी माणूस दुसऱ्यांदा हरवतो. वर्षभराने बिहारहून किंवा बीडहून भाऊ शोधत आला, तर त्याला काय दाखवणार?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तरी सांगतो, यासाठी अ‍ॅप नको. एक जाड वही पुरे. दफनाची तारीख, अंदाजे वय, कपडे, अंगावरच्या खुणा, कबरीची रांग आणि क्रमांक, आणि सगळ्यात महत्त्वाचा पोलिस ठाण्याचा अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक. पोलिसांची फाइल आणि आपली कबर यांना जोडणारा धागा तोच. वहीचे फोटो काढून दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. कबरीवर क्रमांकाचा साधा दगड लावा. ओळख पटण्याची आशा असेपर्यंत ती जागा पुन्हा खोदू नका.

सोबत एक छोटा निधी हवा. ज्याच्या घरच्यांकडे कफनालाही पैसे नाहीत, त्याला हात पसरायला लावू नये. आणि विचारपूस करायचीच असेल तर दफनानंतर करावी.

‘बेवारस’ म्हणजे ज्याला वारस नाही तो. पण मय्यत आपल्या दारात आली की वारस आपणच. येत्या जुम्याला नमाजनंतर आपल्या ट्रस्टींना एवढंच विचारा, ‘नोंदवही आहे का?’ नसेल, तर वही आपणच घेऊन जाऊ.