फीमाफी कोणाच्या दारी?

व्यावसायिक अभ्यासक्रमांस प्रवेश घेणाऱ्या, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये, ठरावीक प्रवर्गांपुरते का होईना, पूर्णपणे माफ केले. त्याचे स्वागतच करावयास हवे. आमच्या वाचकांपैकीही कित्येकांच्या कन्यांना त्याचा लाभ झाला असेल. परंतु मुलीच्या शिक्षणाने घराचे दारिद्र्य हटते, या म्हणण्याची कसोटी महाविद्यालयाच्या दारात लागत नाही. ती लागते सातवी-आठवीच्या वर्गात.

बीड जिल्ह्याचेच पाहावे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, आणि हजेरीपटावरील कित्येक नावांना उत्तर येईनासे होते. मुकादमाची उचल मिळते ती जोडप्यास. नवरा-बायको मिळून एक कोयता. अविवाहित मुलगा म्हणजे अर्धाच कोयता! वयात येणारी मुलगी गावी ठेवावी तर काळजी, सोबत न्यावी तर फडावरच्या कोपीत आडोसा नाही, आणि लग्न उरकले तर दोन्ही घरांची सोय. हा हिशेब अडाणीपणाचा नव्हे, गरिबीचा आहे. मात्र त्यापायी पंधरा-सोळा वर्षांची पोर कोयत्याला जुंपली जाते आणि उचलीचे ऋण पुढल्या पिढीच्या माथी बसते. शाळेला फी पडत नाही, हे तिच्या बापास सांगून काय उपयोग?

बांगलादेशाने हा हिशेबच बदलून पाहिला. १९९४ पासून तेथे ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींना विद्यावेतन मिळू लागले, तेही मुलीच्या स्वतःच्या नावे बँकेत. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि अविवाहित राहणे. रक्कम बेताचीच होती. तरीही काही वर्षांतच माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीस आली व पुढे त्यांच्याहून अधिक झाली. बालविवाह तेथून अद्याप गेलेला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण शाळेत गेलेले प्रत्येक वर्ष हे बोहल्यापासून दूर राहिलेले वर्ष असते.

आमची मागणी मोठी नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलीस आठवीपासून दरमहा विद्यावेतन तिच्याच नावे मिळावे, आणि हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी उघडावीत. टोळी गेल्यावर पंधरा दिवसांनी उघडलेल्या वसतिगृहात राहावयास मुलगी गावात उरलेलीच नसते.