रॅकेट टिकावी कीं हातांत बसावी?

भंडाऱ्यास वस्तूची पारख करण्याची एक जुनी रीत आहे. पितळेचें पातेलें विकत घेतांना घरांतील वडील माणसें तें हातांत तोलून पाहतात, त्यावर टिचकी मारतात, आणि नाद स्वच्छ निघाला म्हणजे मगच मोल विचारतात. जड तें टिकाऊ आणि टिकाऊ तेंच चांगलें, हा निर्णय या पितळेच्या गांवांत इतका रुळला आहे कीं आम्ही तो सर्वच वस्तूंस लावतों. भांड्यांस तो शोभतो. खेळाच्या साधनास लावला म्हणजे काय होतें, याचा अनुभव आमच्याच घरचा आहे.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या मुलीस बॅडमिंटनची गोडी लागली. दुकानांत आम्हीं दोन रॅकेटी ठोकून, वांकवून पाहिल्या आणि त्यांतील जड पोलादी रॅकेट पसंत केली. दुसरी हलकी होती. ‘ही काय टिकणार!’ असें म्हणून ती बाजूस सारली. आमचें भाकीत खरें ठरलें. ती पोलादी रॅकेट आजहि खुंटीवर जशीच्या तशी लटकत आहे. मुलीनें मात्र पहिल्याच पावसाळ्यांत खेळणें सोडलें. मनगट दुखतें असें ती म्हणे. आम्ही त्यास आळस समजलों.

वास्तविक हा खेळ महाराष्ट्रास परका नव्हे. १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या छावणींत त्याचे नियम बांधले गेले, आणि प्रारंभीं त्यास ‘पूना’ असेंच म्हणत. सांगलीचे नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथें सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशांत आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या काळीं रॅकेटचें डोकें लाकडाचें असे. दमट हवेंत लाकूड वांकतें, म्हणून खेळ संपतांच रॅकेट स्क्रूच्या चौकटींत आवळून ठेवावी लागे. आतड्याची तात ओल लागली कीं खराब होई. म्हणजे उत्तम खेळाडूचें साधन हें घरांतील अत्यंत जपणुकीची वस्तु असे. आणि तरीहि तो तेंच घेई. कारण शटल लागल्याची वार्ता ती तात त्याच्या बोटांपर्यंत चोख पोंचवीत असे.

या वार्तेसच खेळाडू ‘फील’ म्हणतात. ती केवळ कल्पना नव्हे. शटल अवघें ४.७४ ते ५.५० ग्रॅम वजनाचें, सोळा पिसांचें. इतक्या हलक्या वस्तूस दिशा द्यावयाची ती मनगटानें व बोटांनीं. आज कार्बनच्या तंतूंची रॅकेट बहुधा ८० ते ९० ग्रॅम भरते. पोलादाची सहज शंभरापलीकडे जाते. वीस ग्रॅम म्हणजे काय, असें आपणांस वाटेल. परंतु तें वजन हाताच्या लांबीपलीकडे, दांड्याच्या टोकाशीं असतें, आणि तासाभरांत शेंकडों वेळां फिरवावें लागतें. लहान मनगटास तें पेलत नाहीं, आणि प्रत्येक फटक्याचा हादरा कोपरापर्यंत जातो.

मग हलकी रॅकेट टिकते काय? येथेंच आमची मुख्य चूक होती. शटलच्या आघातानें चांगली चौकट सहसा तुटत नाहीं. ती तुटते जोडीदाराच्या रॅकेटवर आदळून, जमिनीवर आपटून, किंवा रागानें फेंकल्यामुळें. पितळेच्या भांड्यास पोंचा आला तर ठोकून काढतां येतो. कार्बनच्या चौकटीस चीर गेली तर ती पूर्ववत् होत नाहीं. नवा गट ओढून भरतांना अशी लपलेली चीर एकाएकीं उघडी पडते आणि दोष गट भरणाऱ्याच्या माथीं येतो.

गट, म्हणजे जाळीची तार, ही मात्र झिजण्यासाठींच असते. भरल्या दिवसापासून तिचा ताण उतरूं लागतो. ताण जितका अधिक तितका फटक्यावर ताबा अधिक. पण तार लौकर तुटते आणि फटका मधोमध न बसल्यास हात दुखावतो. नवशिक्या मुलांस वीस पौंडांच्या आसपासचा ताण पुरे. तार तुटली तर उरलेल्या तारा लगेच मधून कापून टाकाव्या. नाहीं तर एकाच बाजूनें ओढ बसून चौकट वांकडी होते. भोंकांतील प्लास्टिकच्या नळ्या फुटल्या असल्यास त्या प्रथम बदलाव्या, कारण उघड्या कडेवर नवी तारहि कापली जाते. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत बंद मोटारींत रॅकेट ठेवूं नये. पावसाळ्यांत मूठ घामानें व दमटपणानें निसटती होते. तिच्यावरील पट्टी वेळोवेळीं बदलावी. टिकाऊपणा अर्धा कारखान्यांत आणि अर्धा घरांत घडतो तो असा.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलासाठीं रॅकेट घेतांना ती त्याच्याच हातांत द्यावी. दांडा किंचित् लवणारा, मूठ त्याच्या बोटांत मावणारी आणि डोक्याकडे भार बेताचा असावा. दांड्यापाशीं ‘४यू’ असें लिहिलें असल्यास वजन ८० ते ८४ ग्रॅमांच्या दरम्यान समजावें, ‘५यू’ त्याहूनहि हलकी. सर्वांत महाग रॅकेट घेण्याचेंहि कारण नाहीं. ती बहुधा ताठ असते आणि तयार मनगटासाठींच केलेली असते.

या उन्हाळ्यांत आम्हीं मुलीस पुन्हां दुकानांत नेलें आणि आपण दाराशींच उभे राहिलों. तिनें पांच-सहा रॅकेटी हवेंत फिरवून पाहिल्या, एक निवडली, आणि टिचकी मारण्याची आमची फार इच्छा असतांहि आम्हीं ती मारली नाहीं. दोन महिन्यांत तिच्या रॅकेटचा गट तुटला. ती भीत भीत सांगावयास आली. आम्हीं निमूटपणें पैसे काढून दिले. कारण जें साधन रोज वापरांत असतें तेंच झिजतें, आणि खुंटीवरची ती पोलादी रॅकेट अद्याप अगदीं नवी आहे.