गॅस संपला, म्हणे!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात एसीच्या दुरुस्तीवर लिहावे, हे पाहून काही भुवया उंचावतील. परंतु गेल्या मे महिन्यात घाटकोपरच्या आमच्या घरी जे घडले, ते याच अंकात सांगण्याजोगे आहे, असे मला वाटते.

आजीला दमा आहे. तिच्या खोलीत हप्त्यांवर घेतलेला एसी ऐन उन्हाळ्यात नुसता वारा घालू लागला. मेकॅनिक आला आणि दारातूनच म्हणाला, "गॅस संपला. तीन हजार होतील." बाबा पाकीट काढू लागले. घरात दोन पदवीधर आणि एक होऊ घातलेला, पण "कशावरून?" असे विचारण्याची एकाचीही प्राज्ञा नव्हती. तो मेकॅनिक लबाड होता, असे मी म्हणत नाही. जिथे कोणी प्रश्नच विचारत नाही, तिथे तपासण्याची तसदी कोण घेईल?

प्रश्न विचारला तो आयटीआयमध्ये हेच काम शिकलेल्या, खालच्या मजल्यावरच्या दादाने. तो म्हणाला, "अरे, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, जळून संपायला. तो बंद नळ्यांतून फिरतो. आतली उष्णता घेतो, बाहेर सोडतो. कमी झाला असेल, तर गळती असणार. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे."

मग आम्ही पाहू लागलो. एसीची जाळी काढली, तर शेजारच्या बांधकामाची धूळ तिच्यावर गादीसारखी बसलेली! दम्याच्या रुग्णाच्या खोलीत ती महिनोन्‌महिने कोणी धुतली नव्हती. हा दोष मात्र निव्वळ आमचा. जाळी धुऊन लावली. वारा वाढला, गारवा नाही. बाहेरच्या युनिटकडे कान दिला. पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर क्षणभर हुंकारून गप्प होत होता. "कपॅसिटर गेलेला दिसतो," दादा म्हणाला. मी उत्साहाने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. त्याने तो काढून घेतला. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हे मला ठाऊक नव्हते. त्याने मीटर लावून खात्री केली आणि तीनशे रुपयांच्या सुट्या भागात काम झाले.

आता, "सारे घरीच दुरुस्त करा" असा उपदेश मी करणार नाही. गॅसचे काम तर मुळीच नाही. जुना आर-२२ ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. नवा आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे. ते शिकलेल्या हातांचेच काम. पण जाळी धुणे, पाहणे, ऐकणे आणि प्रश्न विचारणे हे आपले काम आहे. आपला हात कुठे थांबावा, हे कळायलाही ज्ञानच लागते.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. आपण श्रमप्रतिष्ठेवर पानेच्या पाने निबंध लिहितो, आणि दारात आलेल्या कारागिराला "ए" म्हणून हाक मारतो! गुरुजनांना नम्र विनंती, की पुढील वर्षाच्या व्याख्यानमालेत एक दिवस आयटीआयच्या निदेशकांना बोलवावे. व्यासपीठावर पुष्पगुच्छ त्यांनाही द्यावा. आणि मित्रहो, तोवर घरच्या एसीची जाळी तेवढी काढून पाहा.