रक्तात विष, कागदावर 'चक्कर' : फवारणीच्या विषबाधेचा दावा नेमका कुठं अडतो?

संगमनेर-अकोल्याचा टोमॅटो असो, राहात्याचं डाळिंब असो, नाहीतर शेवगाव-पाथर्डी-नेवाशाची कपाशी. पाठीवर पंप घेतल्याशिवाय आपला हंगाम पार पडत नाही. आणि पंपातल्या द्रावणाला आपण विष म्हणतच नाही, 'औषध' म्हणतो. 'औषध मारायचंय', 'औषध आणलं का', असंच बोलतो.

दोन वर्षांपूर्वी मीही टोमॅटोवर असंच औषध मारत होतो. एक किडीचं, एक फुलं जास्त लागावीत म्हणून दुकानदारानं दिलेलं टॉनिक, दोन्ही एकत्र. वारा समोरून होता. तोंडाला उपरणं, हातात काही नाही. दुपारी डोकं गरगरायला लागलं, मळमळ सुटली, बायको म्हणाली ओठ निळे दिसतायत. गावातल्या डॉक्टरकडं नेलं, सलाईन लावलं, संध्याकाळी घरी आलो. केसपेपरवर लिहिलं होतं 'चक्कर, अशक्तपणा'. रक्त तपासलं नाही. बाटल्या बांधावर फेकलेल्या, त्या पहिल्याच पावसात ओढ्याला गेल्या. उधारीवर माल आणलेला, त्यामुळं पक्कं बिल नव्हतंच.

मी बरा झालो. पण नंतर बातमीदारी करताना यवतमाळच्या विषबाधेची प्रकरणं वाचली तेव्हा पोटात गोळा आला. त्या दिवशी माझं काही बरंवाईट झालं असतं, तर घरच्यांच्या हातात काय होतं? एक 'चक्कर' लिहिलेला कागद. त्यावर कुठलंही कोर्ट काय देणार?

रक्तात नेमकं काय होतं?

रसायनांमुळं रक्तावर होणारे परिणाम एका प्रकारचे नसतात. आपल्या कामाचे तीन समजून घेऊ.

पहिला, फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकांचा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अॅसिफेट ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. ही अंगात गेली की रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य खाली येतं. मग लाळ, घाम, बाहुल्या बारीक होणं, श्वास लागणं. कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी केली तर हे कागदावर येतं.

दुसरा, नायट्रोबेंझिनसारख्या रसायनांचा. फुलं वाढवणाऱ्या काही टॉनिकमध्ये हे असतं. ते कातडीतूनही आत जातं. त्यानं हिमोग्लोबिन बिघडून मेथहिमोग्लोबिन बनतं आणि ते प्राणवायू वाहून नेत नाही. ओठ, नखं निळी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. वेळेत ओळखलं तर मिथिलीन ब्लू नावाचा उतारा आहे. माझं त्या दिवशी हेच झालं होतं का? आज कुणीच सांगू शकत नाही, कारण तपासणीच झाली नाही.

तिसरा, बेंझिनचा. हा शेतापेक्षा पेट्रोल पंप, रंग, थिनर, रसायनांचे कारखाने इथं जास्त. वर्षानुवर्षं वाफ अंगात गेली तर हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं, तोच सुकतो. रक्तक्षय आणि रक्ताचा कर्करोगही होतो. आपल्या गावांतली पोरं एमआयडीसीत आणि पंपावर कामाला आहेत, म्हणून हे आपल्यालाही लागू आहे.

पहिल्या दोन प्रकारांत रक्त हाच पुरावा असतो. पण हा पुरावा टोमॅटोसारखा नाशवंत माल आहे. मेथहिमोग्लोबिन उपचारानंतर काही तासांत आणि एरवीही एक-दोन दिवसांत ओसरतं. कोलिनेस्टरेजही काही आठवड्यांत हळूहळू भरून येतं. फार उशिरा वकिलाकडं गेलात तर रक्त काहीच बोलत नाही.

यवतमाळनं काय शिकवलं?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली, पाच कीटकनाशकांवर विदर्भातल्या काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा. त्यात राज्याला एका वेळी साठ दिवसांपर्यंतच अशी बंदी घालता येते. आणि या कायद्यात विषबाधा झालेल्याला भरपाई मिळण्याची सोयच नाही. नवं विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

मग काही कुटुंबांनी वेगळी वाट धरली. 'पोलो' हे कीटकनाशक स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीचं. त्यातलं डायफेंथियुरॉन हे रसायन युरोपात आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरातून गेलेलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथं भरपाईची मागणी दाखल केली. शिवाय ५१ पीडितांच्या वतीनं संघटनांनी तिथल्या सरकारी मध्यस्थ यंत्रणेकडं तक्रार केली. कंपनीनं आरोप फेटाळले. मध्यस्थीतून भरपाईचा मार्ग निघाला नाही.

यात आपण बघायची गोष्ट एकच. हे लोक सातासमुद्रापार जाऊ शकले ते कशाच्या जोरावर? सरकारी नोंदींच्या. यवतमाळमधल्या ९६ विषबाधा 'पोलो'शी जोडलेल्या आहेत, त्यांत दोन मृत्यू आहेत, असं या संघटनांनी सरकारी कागदांवरून मांडलं. कुणीतरी त्या वेळी बाटलीचं नाव लिहून घेतलं होतं. नाहीतर कंपनी विचारते, आमचंच औषध होतं कशावरून? आणि सप्टेंबर २०२० च का? कारण तिथल्या कायद्यात अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, ती संपत आली होती.

अमेरिकेतही तेच दिसतं. ड्वेन जॉन्सन हा शाळेच्या मैदानावर तणनाशक मारणारा कर्मचारी. त्याला रक्तातल्या पेशींचा, लिम्फोमा नावाचा कर्करोग झाला. २०१८ मध्ये ज्यूरीनं ग्लायफोसेट बनवणाऱ्या मोन्सँटोवर २८ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई लावली. पुढं ती कमी होत २ कोटींच्या घरात आली. कंपनी आजही म्हणते की ग्लायफोसेटनं कर्करोग होत नाही, आणि तिथल्या सरकारी यंत्रणेचं मतही तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मात्र २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. शास्त्रात वाद असतानाही तो माणूस कोर्टात उभा राहिला, कारण त्यानं काय मारलं, किती वेळा मारलं, याचा नोकरीचा हिशोब होता. आपण बांधावर तेच ग्लायफोसेट मारतो. आपला हिशोब कुठं आहे?

आपल्याकडं दाद कुठं मागायची?

रस्ते आहेत, पण प्रत्येकाला एक काटा आहे.

*गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना.* कीटकनाशक हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये. खातेदार शेतकरी आणि घरातला एक सदस्य यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत. आत्महत्या यात बसत नाही. म्हणून दवाखान्याच्या आणि पोलिसांच्या कागदावर नुसतं 'विष प्राशन' असं लागलं की प्रकरण तिथंच अडतं. आणि ज्याच्या घरात सातबाराच नाही, त्या मजुराला ही योजना नाही.

*ग्राहक आयोग.* २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येतं. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात सांगितलंय. मुदत दोन वर्षं. पण कंपनीला पळवाटाही आहेत. लेबलवरच्या इशाऱ्याप्रमाणं वापर केला नाही, वापरणारा दारूच्या अंमलाखाली होता, किंवा माल मालकानं कामासाठी घेतला होता आणि त्याला इशारा दिलेला होता, असं कंपनीनं दाखवलं तर ती सुटू शकते.

*कामगार भरपाई.* हा रस्ता कुणी सांगत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या यादीत शेतात कीटकनाशकाची फवारणी करणारा मजूर स्पष्ट लिहिलेला आहे. तो रोजंदारीवर आहे म्हणून हात झटकता येत नाही. त्याच कायद्याच्या रोगांच्या यादीत बेंझिन, शिसं आणि फॉस्फरसच्या संयुगांमुळं होणारे आजार आहेत. तिथं सहा महिने सलग काम झालेलं असलं तर आजार कामामुळंच झाला असं धरलं जातं. कारखान्यातल्या पोरांसाठी हे फार मोलाचं आहे. या दाव्यालाही मुदत दोन वर्षांचीच. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण भरपाईची पद्धत तीच आहे.

आता रक्कम बघा. वय ३५, महिन्याची मजुरी १५ हजार धरली आणि मृत्यू झाला, तर जुन्या कायद्याच्या कोष्टकानं निम्मी मजुरी गुणिले १९७.०६, म्हणजे साधारण १४ लाख ७८ हजार रुपये. आणि ते द्यायचे कुणी? मालकानं. म्हणजे दोन एकरवाल्या तुम्ही-आम्ही.

खरी गोम इथंच आहे. विष बनवणारा लेबलवर बारीक अक्षरात इशारा छापतो आणि कायद्यानं बाजूला होतो. विकणारा 'मी फक्त दुकानदार' म्हणतो. उरतो शेतकरी, आणि त्याच्यासमोर मजुराची बायको. कर्जात बुडालेल्यानं उपाशी माणसाला भरपाई द्यायची. मजुराचा हक्क खरा आहे, तो नाकारायचा नाही. पण रखरखत्या उन्हात रबरी हातमोजे आणि मास्क घालून दिवसभर फवारणी होत नाही, हे माल विकणाऱ्याला माहीत नसतं का? इशारा छापला की जबाबदारी संपली, हा हिशोब मला पटत नाही.

आज आपल्या हातात काय आहे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एवढं करा.

१. औषध घेताना पक्कं बिल घ्या. बिलावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर पाहिजे. उधारीचा माल असला तरी बिल मागा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

२. फवारणीच्या दिवशी बाटलीच्या लेबलचा फोटो काढा. फोटोवर तारीख आपोआप राहते. टॉनिकच्या बाटलीचाही काढा.

३. त्रास झाला तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि १०८ ला फोन करा. बाटली सोबत न्या. उताऱ्यासाठीही तिची गरज आहे आणि पुराव्यासाठीही.

४. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'फवारणी करताना विषबाधा' असं औषधाच्या नावासकट लिहा. कोलिनेस्टरेजची तपासणी विचारा. ओठ-नखं निळी असतील तर मेथहिमोग्लोबिनबद्दल विचारा. सलाईन लावून घरी पाठवत असतील तर मोठ्या दवाखान्यात न्या.

५. पोलीस जबाब घ्यायला आले तर शेत, पीक, वेळ, औषध सगळं सांगा. घाबरून 'माहीत नाही' म्हणू नका.

६. मजूर लावला असेल तर हातमोजे, मास्क, चष्मा तुम्ही द्या. तो नको म्हणाला तरी द्या. वाऱ्याच्या विरुद्ध आणि भर उन्हात फवारायला लावू नका.

७. वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नवाल्यांना मोफत वकील मिळतो.

एक मागणी ग्रामसभेतून करण्यासारखी आहे. २०१७ मध्ये यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातच कोलिनेस्टरेजच्या तपासणीची सोय नसल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ती आहे का, एवढं विचारा. नसेल तर ठराव करा. १९६८ च्या कायद्याचं कलम २६ सांगतं की विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याची सक्ती राज्य सरकार करू शकतं. तशी नोंदवही तालुक्याला ठेवा, असंही त्याच ठरावात लिहा.

माझ्या घरात आता पत्र्याच्या डब्यात बिलं आहेत आणि मोबाईलमध्ये लेबलांचे फोटो. बायको हसते, म्हणते बातमीदारीचं वेड घरात आणलं. हसू दे. त्या डब्याची गरज कधी पडू नये. पण पडलीच, तर निदान कागदावर 'चक्कर' एवढंच नको.